शाळेला टोकदार कमानी कशासाठी?

नागपुरातल्या एका जुन्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे: "आमची शाळा दगडी आहे, टोकदार कमानींची. सगळे तिला गॉथिक म्हणतात. पण शाळेला असं चर्चसारखं रूप का दिलं असेल? ती किती जुनी आहे हे इमारतीवरूनच ओळखता येईल का? पुढच्या वर्षी शाळेचा महोत्सव आहे. त्याआधी व्यवस्थापन दगडांच्या दरजा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरून वरून रंग देणार आहे. ते होऊ द्यावं का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याला वेळ कमी आहे. सिमेंटचं काम थांबवा. ठेकेदाराला आगाऊ रक्कम गेली असेल तरी थांबवा. बुडालेले पैसे पुन्हा उभे करता येतात, दगडाचं तोंड एकदा सुटलं की परत बसत नाही. असं का, ते पुढे सविस्तर सांगतो. पण व्यवस्थापनाला पटवायचं असेल तर नुसतं "जुनं आहे, जपा" म्हणून भागणार नाही. ही इमारत कशी चालते, कुठून श्वास घेते, हे तुम्हालाच त्यांना दाखवावं लागेल.

तीस वर्षं जुन्या इमारतींच्या डागडुजीत गेली. त्यातही शाळांवर माझा जीव जास्त. राजवाडे रिकामे असतात. शाळेचा जिना रोज हजार पोरं चढतात, उतरतात, आणि तरीही तो टिकून असतो.

आता गॉथिकबद्दल. टोकदार कमान दिसली की लोक गॉथिक म्हणतात. ते चूक नाही, पण अपुरं आहे. बहामनी काळातल्या किल्ल्यांच्या दरवाजांनाही टोकदार कमानी आहेत, त्यांना आपण गॉथिक म्हणत नाही. गॉथिक म्हणजे भिंतीवरचा भार काढून घ्यायची एक पद्धत. पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसच्या मठात ११४० ते ११४४ या काळात गाभाऱ्याकडचा भाग नव्याने बांधला. तिथे टोकदार कमान, छताच्या दगडी बरगड्या आणि बाहेरून दिलेले टेकू या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. छताचं ओझं ठराविक जागी खांबांवर आणि टेकूंवर उतरलं. मधल्या भिंतीला काही कामच उरलं नाही, म्हणून तिथे काच आली. शाळेसाठी ही शैली पुढे इतकी उपयोगी का ठरली, त्याचं मूळ इथेच आहे. भिंत मोकळी झाली आणि उजेड आत आला.

ती शैली मधली काही शतकं मागे पडली होती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडने ती पुन्हा उचलली. १८३४ मध्ये लंडनचं पार्लमेंट जळालं. नवी इमारत गॉथिक किंवा एलिझाबेथकालीन शैलीतच हवी, अशी अट घातली गेली. वास्तुकार चार्ल्स बॅरीचा आराखडा मंजूर झाला आणि तपशिलाचं काम त्याचा सहकारी पुजिन याने केलं. त्यानंतर सार्वजनिक इमारत म्हटलं की गॉथिक, हे समीकरणच होऊन बसलं. आपल्याकडे ते मुंबई-पुण्याच्या वाटेने आलं. पुण्याचं डेक्कन कॉलेज आठवा. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेली पाठशाळा, १८६४ मध्ये येरवड्याला पायाभरणी झाली आणि १८६८ मध्ये विद्यार्थी नव्या इमारतीत गेले. लष्करी इंजिनियर सेंट क्लेअर विल्किन्सने आपल्याच काळ्या पाषाणात गॉथिक उभं केलं. पोरं वाड्याच्या चौकातून उठून टोकदार कमानींच्या दालनात जाऊन बसली. सुमारे सत्तेचाळीस वर्षांत झालेला हा बदल केवढा मोठा होता, हे त्या दोन्ही वास्तू एकाच दिवशी पाहिल्या की कळतं. तुमच्या मुलांची पुण्याला सहल निघाली तर दोन्ही नक्की दाखवा.

मुंबईत विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने आखले, तेही लंडनमध्ये बसून. तो भारतात कधी आलाच नाही. म्हणजे दगडातली पानं-फुलं, पक्षी, माणसांचे चेहरे हे सगळं इथल्या हातांनी घडवलं. जे. जे. कलाशाळेत लॉकवुड किपलिंग १८६५ पासून शिकवत होता, आणि मुंबईच्या इमारतींवर त्याच्या विद्यार्थ्यांचं पुष्कळ कोरीवकाम आहे. तुमच्या शाळेच्या खांबांच्या माथ्यावर नक्षी असेल तर शिडी लावून जवळून बघा. कागदावर ओकची पानं असली तरी आपला पाथरवट त्याच्या ओळखीचं पान कोरून मोकळा होतो. मी अशा माथ्यांवर कमळाच्या पाकळ्या पाहिल्या आहेत.

नागपूरचा धागा वेगळा आहे, आणि तो इतिहासाच्या शिक्षकाला माहीत असायलाच हवा. इथे दोन माणसं महत्त्वाची. पहिला स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडचा हा मिशनरी १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढून बसला. तेव्हा नागपूर भोसल्यांचंच होतं, खालसा व्हायला आणखी सात-आठ वर्षं होती. हिस्लॉपला शाळेइतकंच दगडांचं वेड. सुटीच्या दिवशी हातोडी घेऊन टाकळीला, सिल्लेवाड्याला, कामठीकडे हिंडायचा. त्याने आणि त्याचा मिशनरी सहकारी रॉबर्ट हंटर याने नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. हिस्लोपाइट नावाचं हिरवट खनिज आहे, ते त्याच्याच नावाचं. १८८३ मध्ये निघालेल्या कॉलेजलाही त्याचंच नाव दिलं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळच्या पाण्यात तो बुडाला.

दुसरा बिशप कॉटन. हा नागपूरचा नव्हता, कलकत्त्याचा बिशप होता. पण आपल्या सदरकडच्या शाळेला त्याचं नाव आहे. जॉर्ज कॉटन इंग्लंडच्या रग्बी शाळेत थॉमस आर्नल्डच्या हाताखाली शिक्षक होता, नंतर मार्लबरो शाळेचा मुख्याध्यापक झाला आणि १८५८ मध्ये कलकत्त्याला आला. म्हणजे इंग्लंडमध्ये ज्याला "पब्लिक स्कूल" म्हणतात, ती परंपरा त्याच्याबरोबर आली. तिथे पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा नव्हे, उलट फीवाली, वसतिगृहाची, चॅपल आणि चौकाभोवती बांधलेली शाळा. कॉटनचाही शेवट पाण्यातच झाला. १८६६ मध्ये बंगालातल्या कुष्टिया इथे बोटीवर चढताना पाय घसरून तो नदीत पडला.

आता एक जुळणी सांगतो. कॉटन मुख्याध्यापक होता त्या मार्लबरो शाळेचं चॅपल १८८० च्या दशकात जॉर्ज फ्रेडरिक बॉडली आणि त्याच्या भागीदाराने बांधलं. हाच बॉडली नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलचाही वास्तुकार. सदरचं ते चर्च मुळात १८५१ मध्ये लेफ्टनंट सँकीने लहानसं बांधलं होतं. बॉडलीच्या आराखड्याने ते वाढलं. इंग्लंडच्या शाळेतलं गॉथिक नागपूरला कसं पोचलं, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. सदरच्या त्या आवारात उभं राहून उंच खिडक्यांकडे बघा आणि मग आपल्या शाळेच्या खिडक्या बघा. हात वेगळे असतील, पण घराणं एकच.

म्हणजे "चर्चसारखं रूप का?" याचं एक उत्तर असं: ज्यांनी शाळा काढल्या त्यांच्या डोळ्यांपुढे शाळा म्हणजे तेच चित्र होतं. पण हे उत्तर इथेच सोडलं तर शाळेवर अन्याय होतो. गॉथिक शाळेला शोभतं का, यावर खुद्द लंडनमध्ये वाद झाला होता. १८७० च्या कायद्याने तिथे सर्वांसाठी प्राथमिक शाळा आल्या. लंडन स्कूल बोर्डाचा वास्तुकार होता ई. आर. रॉब्सन. त्याचं म्हणणं होतं, गॉथिक ही देवळाची भाषा झाली, कोणत्याही पंथाच्या नसलेल्या शाळेला ती नको. म्हणून त्याने विटांची, उंच पांढऱ्या खिडक्यांची वेगळी शैली घेतली. मला त्याचा युक्तिवाद पटतो, निष्कर्ष पटत नाही. कारण त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत न्यूयॉर्कमधल्या एका माणसाने हीच शैली पूर्णपणे सरकारी, फुकट शाळांसाठी वापरून दाखवली. आणि देवळाची आठवण म्हणून नव्हे, कामाची म्हणून.

त्याचं नाव चार्ल्स स्नायडर. १८९१ ते १९२३ तो न्यूयॉर्कच्या शाळा-इमारतींचा प्रमुख होता. तेव्हा तिथे बोटी भरभरून स्थलांतरित येत होते, वर्गांत जागा नव्हती आणि मॅनहॅटनमध्ये जमीन सोन्याच्या भावाची. कोपऱ्यावरची जागा महाग, म्हणून शाळेला रांगेच्या मधली जागा मिळायची, दोन्ही बाजूंना उंच चाळी. वर्गात उजेड येणार कुठून? १८९६ मध्ये तो युरोपात गेला. पॅरिसमधला ओतेल द क्लुनी हा मध्ययुगीन वाडा त्याने पाहिला: पुढे अंगण, त्याभोवती वाड्याचे हात. परतल्यावर त्याने इंग्रजी 'एच' अक्षरासारखा आराखडा काढला. मधला आडवा दांडा म्हणजे मुख्य भाग, दोन उभे दांडे म्हणजे वर्गांचे पंख, आणि वर-खाली दोन मोकळी अंगणं. वर्गाच्या खिडक्या शेजारच्या चाळीच्या भिंतीकडे न उघडता शाळेच्याच अंगणात उघडू लागल्या. खेळायलाही जागा झाली. आपल्याकडच्या माणसाला यात नवल वाटणार नाही, वाड्याचा चौक हेच काम करतो. पण पाच मजली सरकारी शाळेत ते करून दाखवणं सोपं नव्हतं. आत लोखंडी सांगाडा असल्यामुळे भिंतीत हवी तेवढी मोठी खिडकी काढता येई. आणि त्या खिडक्यांच्या रांगांना नेटकं रूप द्यायला त्याला गॉथिकसारखी दुसरी शैली सापडली नाही, कारण गॉथिकमध्ये भिंतीपेक्षा खिडकीलाच मान असतो.

ब्रुकलिनचं इरॅस्मस हॉल हायस्कूल हे त्याचं मला सगळ्यात आवडणारं काम. मूळ शाळा १७८७ ची, लाकडी फळ्यांची. ती १८९६ मध्ये शहराकडे आली. मुलं वाढली तशी नवी इमारत हवी झाली. स्नायडरने जुनी पाडली नाही. १९०५ पासून तिच्याभोवती चौक करून गॉथिक इमारतीचे पंख एकेक करत उभे केले, रस्त्याकडे टोलेजंग प्रवेशमनोरा आणि मध्ये अंगणात ती जुनी लाकडी शाळा तशीच. त्याच्यानंतरच्या वास्तुकारांनी १९४० पर्यंत उरलेल्या बाजू पूर्ण केल्या. पस्तीस वर्षं आणि वेगवेगळे हात, पण आराखडा एकच. वर्ग कमी पडतात म्हणून जुनी इमारत पाडायची भाषा कानावर आली की मी हे उदाहरण देतो. याच स्नायडरचं ब्रॉंक्समधलं मॉरिस हायस्कूलही गॉथिकच, १९०४ मध्ये पूर्ण झालेलं. नागपूरकराला मॉरिस म्हटलं की आपलं १८८५ चं मॉरिस कॉलेज आठवतं. तो मॉरिस मध्य प्रांताचा चीफ कमिशनर, हा अमेरिकेच्या राज्यघटनेच्या लेखनात हात असलेला. नात्याने काही नाही.

आता तुमच्या शाळेत या.

मुलांना घेऊन मैदानात जा. दोन खुंट्या चार फूट अंतरावर ठोका. चार फुटी सुतळी घ्या. एका खुंटीला तिचं टोक बांधा, दुसऱ्या टोकाला खडू बांधून दुसऱ्या खुंटीपासून वर कंस काढा. मग दुसऱ्या खुंटीवरून तसाच कंस. दोन्ही जिथे छेदतात तो कमानीचा शेंडा. उंची मोजा, तीन फूट साडेपाच इंचांच्या आसपास येईल. तेवढ्याच रुंदीची अर्धगोल कमान काढलीत तर ती दोनच फूट उंच होते. शाळेच्या खिडकीची रुंदी आणि कमानीची उंची मोजून हेच प्रमाण लावा. उंची जास्त भरली तर कंसाचं केंद्र खिडकीच्या बाहेर आहे, ती भाल्याच्या पात्यासारखी निमुळती कमान. कमी भरली तर केंद्र आत आहे. आणि शेंडा जवळजवळ चपटा, खांद्याशी एकदम वळलेला असेल तर ती चार केंद्रांची ट्यूडर धाटणीची कमान. ती शाळा-कॉलेजांत फार दिसते, कारण तिला उंची कमी लागते आणि दोन मजल्यांत बसते.

हा खेळ वाटेल, पण गवंड्याचं सगळं शास्त्र यात आहे. अर्धगोल कमानीची उंची रुंदीला बांधलेली असते. टोकदार कमानीत तुम्ही केंद्र सरकवून अरुंद दार आणि रुंद खिडकी एकाच उंचीला आणू शकता. लांब व्हरांड्यात कमानींची ओळ एकसारखी दिसते ती त्यामुळे. शिवाय उभट कमान बाजूला कमी ढकलते, भार जास्त करून सरळ खाली नेते. म्हणून खांब बारीक चालतात. तुमच्या इमारतीला बाहेरून पायऱ्यापायऱ्यांचे टेकू असतील तर ते उरलेला रेटा पेलण्यासाठी आहेत. त्यांच्या पायथ्याशी कोणी नळ, टाकी किंवा सायकल स्टँडचा खड्डा काढू देऊ नका.

मग वर्गात जाऊन बसा, सकाळी आठला आणि दुपारी दोनला. मुख्य खिडकी बाकांच्या कोणत्या हाताला आहे? जुन्या शाळांमध्ये ती डाव्या हाताला ठेवत, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या हाताची सावली वहीवर पडत नाही. कोणी तरी मधल्या काळात फळा दुसऱ्या भिंतीवर नेला असेल तर ही मांडणी उलटली असणार. खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दीड ते दोन पट खोलीपर्यंत वापरण्याजोगा उजेड पोचतो, असा आमचा ढोबळ हिशेब. त्यामुळे कमानीचा वरचा भाग, जो आपल्याला नुसती शोभा वाटतो, तोच शेवटच्या बाकापर्यंत उजेड नेतो. त्यात प्लायवूड ठोकलं की मागच्या मुलांची वही अंधारात जाते.

इंग्लंडमध्ये उजेड कमी, म्हणून मोठी खिडकी. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, इथे तसं चालत नाही. म्हणून इथल्या बांधणाऱ्यांनी कमानींची ओळ बाहेर व्हरांड्याला दिली आणि वर्गाची भिंत एक पाऊल मागे घेतली. ऊन कमानीतून येतं आणि व्हरांड्याच्या फरशीवरच थांबतं. आत शिरतो तो फक्त उजेड. दोन फुटी दगडी भिंत दिवसभर तापते, पण तिची धग आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ होते, तोवर शाळा सुटलेली असते. छताजवळच्या लहान झरोक्यांतून गरम हवा बाहेर पडते. खोटं छत बसवलं की हे झरोके झाकले जातात. मग पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो, आणि लोक म्हणतात जुनी इमारत फार तापते.

वयाबद्दल. कोनशिला असेल तर उत्तमच, पण कोनशिला पायाभरणीची असते, काम पूर्ण व्हायला पुढे वर्षं लागतात. आणि कधी कधी ती जुन्या इमारतीतून आणून नव्या भिंतीत बसवलेली असते. त्यामुळे सामानाला विचारा. नागपूरला मुंबईची रेल्वे १८६७ मध्ये आली. त्याआधीच्या इमारतीत लांबून आणलेलं लोखंड सहसा सापडत नाही. छतावर मंगलोरी कौलं असतील तर एक उलटं करून छाप वाचा. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला, तेव्हा त्यांच्या छापाचं कौल त्यापूर्वीचं असूच शकत नाही. अर्थात कौलं फुटतात, बदलतात, म्हणून एकावर विसंबू नका. लोखंडी तुळयांवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. नाव विलायती आहे की टाटाचं? टाटाच्या कारखान्यात पोलाद १९१२ पासून निघू लागलं. तसंच सिमेंट. भारतात पोर्टलंड सिमेंटचं मोठं उत्पादन १९१४ च्या सुमारास पोरबंदरला सुरू झालं. मूळ दरजेत खोलवर, कधीच न उघडलेल्या जागी नुसता चुना सापडला तर इमारत त्याआधीची असायची शक्यता चांगली. असे चार-पाच पुरावे एका दिशेला गेले की मगच मी दशक सांगतो, साल सांगत नाही.

आणि दगड. हे नागपूरचं खरं वैभव, कारण दख्खनचा काळा पाषाण इथे येऊन संपतो. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची. पूर्वेला गेलात की जुने, स्फटिकमय खडक लागतात. उत्तरेला कामठी, सिल्लेवाडा, सावनेरकडे वालुकाश्म. त्यातल्या कामठीच्या वालुकाश्मात ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात, पंचवीस कोटी वर्षांहून जुने. हिस्लॉपने जमवले ते हेच. नागपूरचं आजचं रेल्वे स्टेशन, १९२५ मध्ये सुरू झालेलं, सावनेरच्या वालुकाश्माचं आहे. आपल्या बऱ्याच जुन्या इमारतींत दोन्ही दगड जोडीने वापरले आहेत: भिंतीचं अंग काळ्या दगडाचं, कारण तो कणखर आणि जवळचा, आणि कमानीच्या कडा, खिडकीची जाळी, नक्षी वालुकाश्माची, कारण त्यावर टाकी, म्हणजे पाथरवटाची छिन्नी, चालते. तुमच्या शाळेचं तसं आहे का ते ओल्या फडक्याने पुसून बघा. काळ्या दगडावर पाणी तसंच राहील, वालुकाश्म ते पिऊन टाकेल.

पाणी पिणारा दगड, इथेच सिमेंटचा प्रश्न येतो. जुनी भिंत जमिनीतून ओल ओढते, पावसात भिजते आणि नंतर वाळते. ती वाळते कुठून? चुन्याच्या दरजेतून. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, ओल आणि तिच्यातले क्षार त्यातून बाहेर पडतात. दरजेवर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुलतो, चुना हळूहळू झिजतो. वीस-पंचवीस वर्षांनी दरजा नव्याने भरायची. चुना झिजण्यासाठीच असतो, त्याच्या जिवावर दगड टिकतो. तिथे सिमेंट भरलं की दार बंद. सिमेंट दगडाहून घट्ट. आता ओलीला दगडातूनच बाहेर यावं लागतं, क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे साचून फुगतात आणि तोंड सुटतं. वर ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट असेल तर आणखी लवकर.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात एका शाळेत देखरेखीला होतो. तिथे माझ्या वरिष्ठांनी ठरवलेलं सिमेंटचं दरजाकाम मी उभं राहून करून घेतलं. दोन पावसाळे गेल्यावर मुख्याध्यापकांचा फोन आला. मी गेलो, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीच्या वालुकाश्मी कडेवर अंगठा ठेवला, आणि बोटभर जाडीची पापडी माझ्या हातात आली. मागे पांढरी भुकटी. तिच्यावर पाथरवटाने टाकीने मारलेल्या बारीक तिरप्या रेघा होत्या, शंभर वर्षं टिकलेल्या. सिमेंटची दरज मात्र जशीच्या तशी, दगडाच्या पुढे आलेली. ती पापडी अजून माझ्याकडे आहे. तुमच्या व्यवस्थापनाच्या बैठकीत दाखवायची असेल तर घेऊन येतो.

मग करायचं काय? आधी पाणी. पन्हळी, पावसाळी नळ, गच्चीचे सांधे, कौलांची फूट, भिंतीत उगवलेले पिंपळ-वड. निम्मा पैसा इथे जाऊ द्या. वरून पाणी येत असताना दरजा भरणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. पिंपळ उपटू नका, मुळाबरोबर दगड येतो. बुंधा कापून मुळं मारायची आणि मग पोकळी चुन्याने भरायची. दरजांत आधीचं सिमेंट असेल तर ते हातछिन्नीने काढा, कटर मशीन लावू नका, मशीन दगडाच्या कडा खातं. नवी दरज मुरवलेल्या चुन्याची, धुतलेल्या वाळूची, गरजेप्रमाणे सुरखी (विटांची भुकटी) घालून. जुन्या दरजेचा तुकडा तपासून तेच प्रमाण ठेवायचं. दगड धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. ॲसिड नको, वाळूचा मारा तर मुळीच नको.

काम नोव्हेंबरात सुरू करून फेब्रुवारीत संपवा. चुन्याला सावकाश वाळावं लागतं. नागपूरच्या एप्रिलच्या उन्हात तो वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. गोणपाट ओला करून रोज झाकावं लागतं, हे ठेकेदार टाळतात, तिथे कोणाला तरी उभं करा. चुन्याची सवय असलेले गवंडी आता थोडे उरलेत, पण आहेत. महोत्सव त्याआधी असेल तर काम नंतर करा. महोत्सवाला इमारत धुतलेली, झाडलेली, पन्हळी साफ केलेली पुरे.

इमारत शहराच्या वारसा यादीत आहे का, हे महापालिकेत विचारून घ्या. असेल तर बाहेरच्या रूपात बदल करण्याआधी वारसा संवर्धन समितीची परवानगी लागते. आणि ती अट तुमच्या बाजूने आहे हे व्यवस्थापनाला सांगा.

शेवटी कूलर. तुम्ही विचारलं नाही, पण नागपूरची शाळा म्हणजे खिडकीत कूलर असणारच. कूलरचं पाणी जड, त्यात क्षार भरपूर. चार महिने तो खिडकीच्या कडेवर ठिबकत राहतो आणि खाली दगडावर पांढरी-हिरवी जीभ उतरते. उघडं लोखंडी स्टँड दगडात ठोकलेलं असेल तर गंज फुगून दगड फोडतो. कूलर काढा असं मी म्हणणार नाही, मुलांना उन्हाळ्यात बसायचं आहे. स्टँड भिंतीपासून हातभर दूर जमिनीवर उभं करा, वरच्या मजल्यावर असेल तर व्हरांड्याच्या फरशीवर, आणि गळतीचं पाणी नळीने थेट गटारात सोडा. आणि कमानीचा वरचा भाग बंद न करता फक्त खालच्या चौकोनात चौकट बसवा.

खोटं छत लावायचं ठरलंच असेल, तर त्याआधी एक दिवस मिळवा. नववीची चार मुलं, एक टॉर्च आणि एक कॅमेरा घेऊन शिडीवर चढा, तुळयांवरची नावं, छताच्या कैच्यांचे (त्रिकोणी सांगाड्यांचे) सांधे, कौलांच्या आतल्या बाजूचे छाप, झरोक्यांची मापं असं सगळं टिपून ठेवा. ते फोटो मला पाठवा, छाप वाचून इमारत कोणत्या दशकातली ते कळवतो.